पाणी न प्यायलेला माणूस

मृणालीचं चुकलं कुठं, तर तिला आनंद झाला. आणि तोही चारचौघांत.

शेलार गावची ही पोर भिवंडीच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन साथरोगशास्त्राच्या प्रमाणपत्राचा कोर्स करत होती. साथ कुठून आली, कशी पसरली, ते शोधायचं शिक्षण. "म्हंजे तू डाक्टर न्हाय?" एवढंच गाव विचारायचं. मग दाजीच्या, म्हणजे तिच्या थोरल्या चुलत्याच्या घरी मुलाची हळद झाली, अख्खं गाव जेवलं, नि महिन्याभरानं घराघरांत कावीळ! दाजीची लेक कमळ, सात महिन्यांची पोटुशी, भावाच्या हळदीला माहेरी आलेली, ती बाळासकट गेली. मृणालीनं मनाशी ठरवलं, कोर्स गेला खड्ड्यात, कमळताईला कशानं मारलं ते मी शोधणारच.

आजाऱ्यांना विचारायचं तेच धडधाकट माणसांनाही विचारायचं, असं तिला शिकवलेलं. गावाला काय वाटलं? पोरगी धडधाकटांवर संशय घेतेय! कुजबुज सुरू झाली, आणि ही आपल्याच नादात.

त्या संध्याकाळी भाऊबंद दाजीच्या अंगणात जमले होते, मृणालीही तिची वही घेऊन आलेली. धाकटा चुलता नवशा कडेला बसलेला. गोदामाला विकलेल्या जमिनीवरून दोघा भावांचं फाटलेलं. तेव्हापासून तो लोकलाजेखातर भावाच्या दारी यायचा, पंगतीला बसायचा, पण त्या घरचं पाणी घ्यायचा नाही.

"काका, हळदीत पानी प्यायलास?"

"न्हाय गो. पोराबालांचा पन घरून नेलेला."

"सापडलं!" मृणाली अक्षरशः ओरडली. "जेवले सगळे, पानी फक्त काकाच्या घरानं घेतलं न्हाय, म्हणून त्यांच्याकडं कोनीच आजारी न्हाय!"

मग दाजी उठला.

"तुला म्हाईत व्हता," तो म्हणाला आणि त्यानं नवशाच्या थोबाडीत मारली. "इख कालवलास, म्हनून पोरांना पानी घरून नेलास!"

बास, एवढंच निमित्त हवं होतं. भाऊबंद तुटून पडले. लाथा, चपला, मांडवाचा उरलेला बांबू. नवशाचे दात मातीत पडले. त्याची बायको आक्का मधे पडली, तिला केसाला धरून ओढलं. मेल्यांनो, सोडा, अशी मृणाली किंचाळत होती, पण ऐकतोय कोण!

ती नवशावर आडवी पडली. "दाजी, पानी तुमच्या बोअरिंगचं होतं! शेजारी संडासचा नवा खड्डा खणलात, ती घाण पान्यात उतरली. इख कोनी घातलं न्हाय!"

हात थांबले. दाजी एकटाच तिच्याकडं बघत राहिला.

"मंग कमळला मी मारली?"

मृणालीला खोटं बोलता आलं असतं. नवशाचा श्वास तिच्या हाताखाली घरघरत होता. तिला सगळं कळत होतं, आणि तरी जीभ उचलली नाही.

दाजीनं ओट्यालगतची पहार उचलली. दुसऱ्या हातानं मृणालीला भिरकावून दिलं आणि पहार नवशाच्या डोक्यात घातली. पुन्हा घातली. कोणी पुढं झालं नाही.

नवशा हलायचा थांबला तेव्हा दाजी धापा टाकत मृणालीकडं वळला. ती भिंतीला चिकटली होती. तिची वही त्यानं मातीतून उचलली आणि तिच्या छातीवर दाबली.

"लिही," तो रडत ओरडला, "यानंच कालवलेला. लिही!"