मिठाची कड

“उत्तमभाऊ, बर्फात मीठ कुणी घातलं?” आश्रमशाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ऋषिकेश सरांनी दारातच विचारलं.

“मीच. दुसरं कोन घालनार?”

पहाटे उत्तमची बायको पुष्पावती गेली होती. लेक योगिता नागपूरला नर्सिंग शिकत होती, ती मिळेल त्या गाडीत बसली आणि फोनवर रडत म्हणाली, “मी आल्याशिवाय आईला नेऊ नका.” दिवेलागणीपर्यंत पोचणार होती. खोडाळ्यात मे महिन्याचं ऊन म्हणजे नुसता जाळ. आज बाजारचा दिवस, म्हणून जव्हारहून सकाळच्या जीपनं कुल्फीसाठी बर्फाची लादी आली होती. उत्तमनं ती फोडून पुष्पावतीच्या चटईभोवती रचली, आणि हाताच्या सवयीनं वर खडेमीठ फेकलं. जन्मभर कुल्फी विकलेला माणूस, बर्फाला मीठ लावायचं नाही हे त्या हातांना कुठून कळावं?

“अहो, बर्फाचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात,” सर हळूच म्हणाले. “एकदा सुटले की मीठ त्यांना परत धरू देत नाही. गारवा वाढतो, पण बर्फ लवकर संपतो.”

“पन माझी कुल्फी तर जमते!”

“बर्फ वितळतो, म्हणूनच ती जमते.”

 कुल्फीच्या पिंपात उरलेलं खारं पाणी उत्तम रोज गटारात ओतून द्यायचा.

दुपारी कोब्यावर नुसतं पाणी उरलं. जव्हारला फोन लावला, तर बर्फाच्या कारखान्यात सकाळपासून लाईट नव्हती. जाणती माणसं म्हणाली, “उत्तम, आता ठेवू नये. तिचेच हाल होतील रं.” त्यानं सगळ्यांपुढे हात जोडले, लहान पोरासारखा रडला. शेवटी त्यानंच उठून विस्तवाचं मडकं हातात घेतलं. दारातून वळून शेजारच्या तानीला म्हणाला, “जागा धुऊ नको.”

“आसं ठेवत न्हाईत, भाऊ.”

“राहू दे म्हनलं ना!”

योगिता आली तेव्हा कोबा वाळला होता. चटई होती तेवढी जागा सोडून भोवती मिठाची पांढरी कड उमटली होती.

“पोरी, मीच मीठ टाकलं गं. नाहीतर तुला दिसली असती ती.”

योगितानं खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

“आप्पा, डोकं कुठं होतं आईचं?”

त्यानं बोट दाखवलं. ती कडेच्या बाहेर, आईच्या जागेकडे तोंड करून, कुशीवर आडवी झाली.