कुंपणाबाहेरचे हॅलवेल

व्हर्जिनियातल्या हॅलवेलांच्या दोन गोऱ्या शाखा वर्षानुवर्षं भांडत होत्या. इंग्लंडहून पहिल्या जहाजातून आलेल्या एडमंडचे खरे वंशज कोण? बापाकडून मुलाकडे जाणारा डीएनए तपासला, तर दोन्ही शाखांचा एकमेकांशी मेळच बसेना. तेव्हा त्यातल्या एका शाखेच्या मिस ऑगस्टाला मी आठवलो. एडमंडचा मूळ मळा पुढे चालवणाऱ्या त्याच्याच वंशजाला गुलाम बाईपासून झालेला मुलगा म्हणजे माझा खापरपणजोबा. ठाऊक सगळ्यांना होतं, बोलत कोणी नव्हतं.

"रूफस, जरा या नळीत थुंक बघू," ती म्हणाली. माझ्याहून वीस वर्षांनी लहान बाई.

माझा डीएनए तिच्या भावाशी जुळला आणि तिची शाखा खरी ठरली.

मग दफनभूमी साफ करायचा वार्षिक दिवस आला. लोखंडी कुंपणाच्या आत त्यांचे संगमरवरी दगड, बाहेर रानवेलीखाली पुरलेली आमची माणसं. ऑगस्टाने मला केक दिला.

मी म्हटलं, "यंदा बाहेरचं रानही काढू या."

"अरे, हा दिवस घरच्या माणसांसाठी असतो. बाहेरची कुठे आपली?"

मी केक तिच्या हातात परत ठेवला.

"मग मिस ऑगस्टा, माझी थुंकी कुंपणाच्या आतली होती की बाहेरची, तेवढं सांगा."