पाठीला धरलेली थाळी

वाणगावजवळच्या त्या चिकूच्या वाडीत शंभरेक माणसे जमली होती, आणि कुणी खोकतही नव्हते. मध्यभागी रामनाथकाका ओणवे उभे होते. थाळीवाल्या बाबांनी त्यांच्या उघड्या पाठीवर पाणी शिंपडले, काशाची थाळी दाबली आणि हात काढून घेतला. थाळी पडली नाही.

"धरलं. मुक्या जनावराचं विष आता धन्याच्या पाठीतून निघतंय," बाबा म्हणाले. "सुई मात्र टोचायची नाही. सुईत लोखंड असतं. लोखंडावर थाळी रुसते."

मी बोईसरच्या दवाखान्यात जनावरांचा डॉक्टर आहे. त्या दिवसाच्या चार दिवस आधी लाळ गाळणारा एक भटका कुत्रा काकांच्या पाळलेल्या कुत्र्याला, भुऱ्याला, चावला. भुऱ्याला आजवर एकही लस दिलेली नव्हती. काकांच्या सात वर्षांच्या नातीने, वैष्णवीने, खरचटलेल्या हाताने त्याची जखम पुसली होती. दोघांना लस द्या, हे सांगायला मी दोनदा घरी गेलो. "थाळीला विचारल्याबिगर सुई नाय," काका म्हणाले. रेबीजची लक्षणे दिसू लागली की हाती काहीच उरत नाही, हे मला ठाऊक होते.

अर्ध्या तासाने बाबांनी काकांना सरळ उभे केले. थाळी खणकन पडली.

"उतरलं विष."

मला गर्दीसमोर बोलता येत नाही. मी पुढे गेलो आणि शर्ट काढला. "ही मला लावा."

"याच्या बरगड्यांवर टिकंल का?" कुणीतरी म्हणाले. हशा पिकला.

"डाक्टर, तुमाला कुठं कुत्रा चावलाय?" काकांच्या पत्नी मंदाकाकूंनी विचारले.

"कुठेच नाही, काकू. म्हणून तर लावा."

"ज्याच्या अंगात विष नाही, त्याला ती धरायची नाही," बाबा घाईने म्हणाले.

मी ओणवा झालो. काकूंनी पाणी शिंपडून थाळी दाबली. थाळी राहिली. हसू थांबले.

"ओल्या पाठीवर पाण्याचा पातळ थर थाळीला धरून ठेवतो," मी जमिनीकडे पाहत म्हणालो. "ओणव्या पाठीवर तिचे वजनही तिला खालीच दाबते. पाणी वाळले, माणूस सरळ झाला, की ती पडते."

"पण गावातल्या केतनला कुत्रा चावला, तो या थाळीनंच वाचला ना?" काकांनी विचारले.

"चावणारा प्रत्येक कुत्रा पिसाळलेला नसतो, काका. केतनला चावलेला नसेल. जे गेले, ते सांगायला येत नाहीत."

काकांनी माझ्या पाठीवरची थाळी उचलून घेतली. "मग आमच्या भुऱ्याचं विष कुठं गेलं?"

"असेल तर ते कुठेच गेलेले नाही."

त्यांनी वैष्णवीला उचलले आणि दवाखान्यात न्यायला गाडीकडे धाव घेतली.

तिची दुसरी लस काल झाली. भुऱ्यालाही लस सुरू केली आहे. त्याला वेगळे बांधले आहे, आणि तो पाणी पितो की नाही हे मी रोज सकाळी भीतभीत पाहतो. पुढचे मला सांगता येत नाही. एवढेच सांगतो: पाळलेल्या कुत्र्याला वेळेवर लस द्या. माणसाला चावा बसला, तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुणी चमत्कार दाखवलाच, तर तो आधी निरोगी माणसावर करून दाखवायला सांगा.