पिशवी तरी धर

मेघा गजभिये टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा जिंकली तेव्हा तिला अडतिसावं लागलं होतं. नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात ती बिल्ट्या बनवायची, म्हणजे कोणता माल कोणत्या गाडीत चढला त्याच्या पावत्या. नवरा जितेंद्र ट्रक चालवायचा. सात वर्षांपूर्वी तो अपघातात गेला. घरात आता ती, दहावीतली खुशी आणि सासू कौसल्याबाई.

स्पर्धा सोळा आठवडे चालली आणि जितेंद्रचा फोटो जवळपास दर आठवड्याला पडद्यावर आला. मेघा लावणी गाणार असली तरी आधी फोटो, भीमगीत गाणार असली तरी आधी फोटो. मागे व्हायोलिन वाजायचं, परीक्षक डोळे पुसायचे, आणि कॅमेरा तिच्या तोंडाशी येऊन थांबायचा. सुरुवातीला तिला खरंच रडू यायचं. पुढे येईनासं झालं तेव्हा कॅमेऱ्यामागून कुणीतरी खूण करायचं आणि ती मान खाली घालायची. याची तिला लाज वाटे, पण घरी ती कधी बोलली नाही.

बक्षीस म्हणून एक कंपनी तिचं स्वतःचं गाणं काढणार होती. मार्चमध्ये त्यासाठी गिरिधर नावाचा संगीतकार मुंबईहून नागपूरला आला आणि थेट तिच्या भाड्याच्या खोलीवर पोचला. पंचविशीतला, सरळ स्वभावाचा. कौसल्याबाईंनी त्याच्यासाठी पोहे केले. खाऊन झाल्यावर त्यानं लॅपटॉपवर चाल ऐकवली. परत न येणाऱ्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईचं गाणं होतं, आणि चाल वाईट नव्हती. व्हिडिओसुद्धा ठरला होता: गोदाम, उभा ट्रक, शेवटी हार घातलेला फोटो. फोटो घरचाच मिळाला तर बरं होईल, असं तो जरा चाचरत म्हणाला.

दुसरं काही आहे का, असं मेघानं विचारलं. होतं, पण ते एका कॉलेजच्या मुलीसाठी बांधलेलं होतं. तरी त्यानं ऐकवलं. बाजार करून निघालेली बाई, तिच्या मागं मागं येणारा माणूस. ती वळून त्याला म्हणते, मागं मागं येतोस तर पिशवी तरी धर. खुशी खुदकन हसली. मेघाचा पाय आपोआप ठेका धरू लागला.

"मले हे पायजे," ती म्हणाली.

गिरिधरनं तिला नीट समजावलं. लोक तिला ज्या रूपात ओळखतात त्यालाच त्यांनी मतं दिली, आणि करारात गाणं निवडायचा हक्क कंपनीचा आहे. मेघानं सासूकडे पाहिलं नाही. मुलाच्या आठवणीचं गाणं सोडून सून असलं काही मागते, हे म्हातारीला लागलं असणार, असंच तिला वाटलं.

कौसल्याबाई ताटल्या गोळा करत होत्या. त्या तशाच हातात धरून उभ्या राहिल्या.

"फोटो नाही भेटत गा," त्या म्हणाल्या. "माह्या पोराले सोळा हप्ते दाखवलं तुमी. टीव्हीवर तो आला का मी बाहेर जाऊन बसत होती. असा रडका नव्हता तो. बायकोनं पिशवी धर म्हटलं असतं, तर त्यानं दोन धरल्या असत्या."

गिरिधर बाहेर जाऊन बराच वेळ फोनवर होता. परत येऊन म्हणाला, चालेल म्हणतात, पण नाचणाऱ्या मुली नाहीत, मोठं शूटिंग नाही, एका दिवसात वाडीच्या बाजारातच उरकायचं. वरच्यांशी काय झालं ते त्यानं सांगितलं नाही.

धरमपेठेतल्या एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. पहिल्या काही वेळा मेघाचा आवाज भरूनच येत होता. सोळा आठवड्यांची सवय. गिरिधर दर वेळी थांबवायचा. शेवटी त्यानं विचारलं, गोदामात ड्रायव्हर ऐकत नाही तेव्हा तुम्ही कशा बोलता? तिनं तसं बोलून दाखवलं, सगळे हसले, आणि पुढच्याच वेळी गाणं झालं.

गाणं जूनमध्ये आलं. फार चाललं नाही. या वयात हे शोभतं का, असं काहींनी व्हिडिओखाली लिहिलं. स्पर्धेत दुसरी आलेल्या वेदिकाचं आईवरचं गाणं त्याच महिन्यात निघालं आणि ते घरोघरी वाजलं. दुसऱ्या गाण्यासाठी कंपनीचा फोन आला नाही. मेघाला काही दिवस वाईट वाटलं. आपण हट्ट केला नसता तर, असंही मनात येऊन गेलं. मग ती पुन्हा गोदामात जाऊ लागली. मालकानं तिची जागा ठेवली होती.

दिवाळीनंतर रामटेकला नात्यातल्या एका मुलीची हळद होती. दुपारी मांडवात डीजेवाल्यानं मेघाचं गाणं लावलं. कुणी सांगितलं नव्हतं, त्याच्याकडे ते होतंच. बायका उठून नाचू लागल्या. एकीनं 'पिशवी तरी धर'ऐवजी 'पोरगं तरी धर' म्हटलं आणि कडेवरचं लेकरू नवऱ्याच्या हातात दिलं. मग सगळ्याच तसं म्हणू लागल्या.

"चुकीचं म्हणून राहिल्या त्या," खुशी आईच्या कानाशी म्हणाली.

"म्हणू दे वं," मेघा म्हणाली. पदर खोचून ती उठली आणि त्यांच्यात जाऊन तेच शब्द म्हणू लागली.