लेकीच्या गावचं पाणी

ईश्वरदासची मोटर तहानायची ती नेमकी बोडीटोल्याला. गोंदियाहून निघाली की गोरेगावपर्यंत ती गुमान चालायची. पुढे जंगलातला चढ लागला की धापा टाकायची, आणि कोहमारा थोडक्यात राहिलं असताना बोडीटोल्याच्या मोहाखाली येऊन उभी राहायची, तोंडातून वाफा सोडत. मोटर जुनी होती, मालक चिक्कू होता, एवढंच त्याचं कारण. पण ईश्वरदास उतारूंना सांगायचा, "माही मोटर शहाणी हाये. लेकीचं गाव आलं का तिले बराबर समजते."

मोहाच्या झाडापासून हाकेच्या अंतरावर त्याच्या एकुलत्या एक लेकीचं, मनकर्णाचं सासर होतं. आणि हा काही योगायोग नव्हता.

ईश्वरदास कोहळ्याच्या घरचा. कोहळी म्हणजे तलाव बांधणारी माणसं. त्याच्या पणजाच्या बापानं घातलेल्या पाळीमागे अजून पाणी साचत होतं आणि त्यावर सगळं गाव धान पिकवत होतं. पण भावाभावांत बांध वाढले आणि बांधांतली जमीन काही वाढली नाही, तेव्हा हा पाण्याच्या घरातला माणूस पेट्रोलच्या वासाला लागला. आधी गाडी पुसायचा, मग चालवायला लागला. एकदा चाक हातात आलं की माणूस घरचा राहत नाही. पहाटे निघायचं, रात्री यायचं, आणि लेक दोन्ही वेळा झोपलेली. तिचे पाय गोधडीबाहेर यायला लागले तेव्हा त्याला कळलं की पोरगी उंच झाली. तिचं हसणं कसं आहे हे त्याची बायको अनुसयाबाई त्याला सांगायची आणि तो भात कालवता कालवता ऐकायचा.

म्हणूनच लग्नाची वेळ आली तेव्हा तो हटून बसला. अर्जुनी मोरगावकडचं एक स्थळ अनुसयाबाईच्या मनात भरलं होतं. माणसं गरीब, पण बोलायला मऊ. ईश्वरदासनं ऐकलं नाही. "तिकडे माही मोटर जात नाई," तो म्हणाला. त्याला बोडीटोल्याचा जागेश्वर पसंत होता, कारण जागेश्वरचं घर त्याच्या रस्त्यावर होतं. "लहानपणी पोरगी पाहाले भेटली नाई. आता रोज पाहीन."

बिचाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. हेतू वाईट असता तर पुढे एवढं लागलं नसतं.

लग्नानंतर मोटर पहिल्यांदा मोहाखाली थांबली तेव्हा मनकर्णा डोक्यावर पाण्याचा गुंड आणि हातात पितळी गडवा घेऊन उभीच होती. गुंडातलं घागरभर पाणी इंजिनासाठी, गडव्यातलं तांब्याभर बापासाठी. रस्त्याची धूळ खाऊन ईश्वरदासची जीभ टाळूला चिकटली होती. त्याचा हात पुढे झाला सुद्धा. पण गडव्याला बोटं लागता लागता त्याला आठवलं की आपण लेकीच्या गावात आहोत. कन्यादान केलेल्या बापानं, लेकीच्या मांडीवर लेकरू खेळेपर्यंत, तिच्या सासरचं पाणीही प्यायचं नसतं.

"नातू होऊ दे माय," तो हसून म्हणाला, "मंग तुह्या हातचं पोटभर पेईन."

पण लेकीनं आणलेलं भांडं भरलेलंच परत धाडायचं कसं? त्यानं रेडिएटरचं झाकण उघडलं, गुंड ओतला आणि वर गडवाही ओतला. मनकर्णा खळखळून हसली. "तुमच्यापेक्षा मोटर नशिबाची हाये, बाबा!"

अनुसयाबाई सांगायची ते हसणं ईश्वरदासनं असं पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवशी कोहमाऱ्यापर्यंत तो गाणं गुणगुणत गेला.

मग तो रोजचाच खेळ झाला. गुंड इंजिनात, गडवा इंजिनात, आणि "नातू होऊ दे" हे वाक्य. कंडक्टर दुलीचंद गोंदियाचा, बोलायचा हिंदीत. तो दारात उभा राहून ओरडायचा, "लो भाई, बिटिया का पानी मोटर पी गई!" उतारू हसायचे. एखादा म्हातारा मान डोलवून म्हणायचा, असा रीतीचा बाप आजकाल मिळत नाही. ईश्वरदासची छाती फुगायची. माणसाला स्तुती अशा गोष्टीची आवडते, जिच्यात त्याचं काही जात नाही.

एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरंही सरलं. नातू काही झाला नाही. वाक्य तेच राहिलं. हसणारे उतारू तेच राहिले. फक्त मनकर्णा हसायची थांबली होती, आणि ते ईश्वरदासच्या ध्यानात आलं नाही. त्याचं ध्यान असायचं कोहमाऱ्याला. तिथे रायपूरकडची मोटर गाठायची असायची आणि मागे उतारू खोळंबून "चला, चला" करत असायचे. लेक त्याला रोज दिसत होती. पण रोज दिसणं निराळं आणि पाहणं निराळं. चाकाशी बसलेल्या माणसाला समोरचा खड्डा दिसतो, खिडकीशी उभं माणूस दिसत नाही.

बोडीटोल्यात मात्र सगळ्यांना सगळं दिसत होतं. मोटर थांबली की अर्धं गाव मोहाखाली जमायचं. तिथे रोज चारचौघांत, भोंगा वाजवून, एक बाप जाहीर करून जायचा की माझ्या लेकीची कूस अजून रिकामी आहे. बाया तिला 'मोटरची माय' म्हणायला लागल्या. लेकरू नाही तर मोटरला पाणी पाजते, म्हणून.

आता एका उन्हाळ्यातल्या दिवसाची गोष्ट. त्या सकाळी मनकर्णाच्या घरात काय ठरलं होतं हे ईश्वरदासला कळलं फार उशिरा. आपण आताच ऐकून ठेवू.

तिची सासू धुरपताबाई चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "तुहा बाप रोज माह्या घराची नाचक्की करून राहिला. ज्या घरचं पाणी ईवाई पेत नाई ते घर वांझ, हे साऱ्या रस्त्याले ठाव झालं. आज त्यानं एक घोट घेतला तं मी तोंड मिटतो. नाई तं जागेश्वरले दुसरी करतो. मंग मले बोल लावू नोको." जागेश्वर तिथेच बसला होता. बायकोकडे पाहून त्यानं मान खाली घातली. नवऱ्याच्या मनात अजून सवतीला जागा झालेली नव्हती, पण आईपुढे बोलायला त्याला काहीतरी निमित्त हवं होतं. बापानं घेतलेला एक घोट पुरला असता.

दुपारी मोटर आली. मनकर्णानं गुंड खाली ठेवला आणि गडवा घेऊन ती सरळ बापाच्या खिडकीशी गेली.

"बाबा, आज एक घोट घ्या."

"काऊन?"

"घ्या ना. एकच."

"येडी का काय तू? रीत हाये ना."

"बाबा," तिचा आवाज खाली गेला, "सासू पाहून राहिली."

ईश्वरदासनं मान वळवून पाहिलं. कुंपणाशी धुरपताबाई खरंच उभी होती, कमरेवर हात देऊन, डोळे गडव्यावर लावून. आणि या शहाण्याच्या डोक्यात काय आलं असेल? त्याला वाटलं, ईहीनबाई आपली पारख करून राहिली! उन्हातान्हात ईवाई रीत मोडतो का, हे पाहायला उभी आहे. उद्या लेकीला टोमणा बसेल की तुझा बाप मोटरीवाला, त्याला कसली रीतभात. लेकीची बाजू राखायला हवी. तो खाली उतरला, गडवा हातात घेतला आणि कुंपणावरून नीट दिसेल असा उंच धरून, धार धरून, शेवटच्या थेंबापर्यंत रेडिएटरात ओतला.

"नातू होऊ दे!" तो ईहीनबाईला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाला. उतारू हसले.

कुंपणाशी उभी बाई आत निघून गेली. मनकर्णानं रिकामा गडवा घेतला. ती काहीतरी बोलणार होती, पण मागून दुलीचंदनं हाक दिली, "उस्ताद, देर हो रही है!" आणि ईश्वरदास चाकाशी जाऊन बसला. मोठ्या खुशीत बसला, हे सांगायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी मनकर्णा आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दुलीचंद कुरकुरत बोडीवरून, गावच्या तळ्यावरून, बादली भरून आणायला लागला. घर हाकेवर होतं. चार पावलं टाकून विचारलं असतं तर? पण लेकीच्या घरी हात हलवत जायचं नसतं, आणि कोहमाऱ्याची मोटर चुकली तर मालक बोलतो. उद्या गोंदियाहून थोडी मिठाई घेऊ, मग जाऊ. असे उद्या बरेच झाले.

शेवटी अनुसयाबाईच मोटरीत बसून बोडीटोल्याला उतरली, आणि परतीच्या फेरीला नवऱ्याच्या मोटरीत चढली तेव्हा तिचा चेहरा पार उतरला होता. घरी पोचल्यावर तिनं सगळं सांगितलं. धुरपताबाईनं काय अट घातली होती ते. मनकर्णा गडवा घेऊन कशासाठी खिडकीशी आली होती ते. जागेश्वरला हळद लागून झाली, नवी सून शांती घरात आली, हेही.

"रोज पाहाले भेटन म्हणून रस्त्यावर देली ना तिले?" अनुसयाबाई म्हणाली. "मंग काय पाहिलं तुमी?"

ईश्वरदासनं पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. रीत मोडली असती तर काय झालं असतं? चार लोक हसले असते, आणि हसणं तर रोजचंच होतं. त्याला आपल्या पणजाच्या बापाचा तलाव आठवला. त्या पाण्यानं कधी कोणाला विचारलं नव्हतं की तुला लेकरू आहे का. साऱ्या गावाला पाणी पाजणारं घराणं, आणि त्यातल्या एका माणसाला लेकीच्या हातचा एक घोट घेता आला नाही. त्याला फार वाईट वाटलं. पण बैल गेल्यावर झोपा करून काय होतं?

त्यानंतर तो मोहाखाली रोज भोंगा जरा जास्तच वाजवायचा. कोणी यायचं नाही. आता ती आली की रीत गेली खड्ड्यात, घटाघटा प्यायचं, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. पुढच्या वर्षी शांतीला मुलगा झाल्याचं उतारूंकडून कानावर आलं. तो रांगायला लागला, धरून उभा राहायला लागला. आणि एका दुपारी मोटर थांबली तर मोहाखाली मनकर्णा उभी.

वाळली होती. डोक्यावर गुंड, हातात तोच गडवा, आणि कडेवर ते लेकरू. कुंपणाशी धुरपताबाई होती. ती आज गोड आवाजात ओरडली, "ईवाई, आता तं घरात नातू आला. आता पेऊन घ्या!"

ईश्वरदास गडबडीनं उतरला. उतारू पाहत होते, दुलीचंद पाहत होता. त्याला कशाचंच भान नव्हतं. लेकीपुढे त्यानं वाकून दोन्ही हातांची ओंजळ धरली.

"आण माय. मले दे. मी चुकलो."

मनकर्णानं बापाच्या ओंजळीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं लेकराला खाली उभं केलं, पदरानं धरून रेडिएटरचं गरम झाकण फिरवलं आणि गुंड ओतला. मग गडवा ओतला. अगदी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत.

"मनकर्णा..."

"रीत हाये ना, बाबा," ती म्हणाली. "हे लेकरू शांतीचं हाये. माहं झालं तवा पेजा."

मग तिनं झाकण लावलं, लेकराला उचललं. "जा आता. तुमाले उशीर होऊन राहिला."

ती गेली. ईश्वरदास चाकाशी बसला. त्यानं मोटर सुरू केली.

कोहमाऱ्याला उतारू उतरून पांगले. दुलीचंद ढाब्यावरून पाण्याचा गिलास घेऊन आला तर उस्ताद चाकाशी नव्हता. तो मोटरीपुढे उकिडवा बसला होता, इंजिन थंड व्हायची वाट पाहत. बऱ्याच वेळानं त्यानं रेडिएटरच्या खालची तोटी उघडली आणि तिच्याखाली ओंजळ धरली. पाणी अजून गरम होतं, गंजानं तांबडं झालेलं, तेलाचा वास येणारं.

"उस्ताद, ये क्या कर रहे हो!" दुलीचंद धावला. "जंग का पानी है वो! ये लो, साफ लाया हूँ."

"तो ठेव तिकडे," ईश्वरदास म्हणाला, आणि ओंजळ तोंडाला लावली.