दोनशे बाराव्या पानावरची सिग्ने

हाल्वर ब्रेकहुसनं आयुष्यात नऊ कादंबऱ्या लिहिल्या, तीन लग्नं केली आणि एक खोटं बोलला. म्हणजे खोटं तो पुष्कळदा बोलला, बायकांशी तर उठता-बसता. पण ते सगळं पचलं. हे एक मात्र बत्तीस वर्षं घशात अडकून होतं. आज वयाच्या सत्तराव्या वर्षी ते सांगून टाकायलाच तो मिनेसोटातल्या हेगडाल या नॉर्वेजियन वस्तीच्या गावी, थोरल्या बहिणीच्या दारात उभा होता.

सिग्ने स्वयंपाकघरात लेफ्से करत होती. उकडलेल्या बटाट्याची पातळ पोळी लांब काठीवर उचलून तव्यावर अलगद पसरायची, हे काम तिच्यासारखं गावात कुणाला जमत नसे.

"आलास? पाय पूस," ती म्हणाली. नऊ वर्षांनी भेटणाऱ्या भावाचं एवढंच स्वागत. "कॉफी घेणार?"

"घेतो."

"लगेच हो? अरे, आपल्यात तिसऱ्यांदा विचारल्यावर हो म्हणतात. न्यूयॉर्कनं पार वाया घालवलं तुला."

तो हसला. हसणं चेहऱ्यावर काही टिकलं नाही.

गोष्ट एकोणीसशे सव्वीस सालची. सिग्नेच्या नवऱ्यानं, नेल्स लुंडेनं, ऐन पेरणीच्या दिवसांत गोठ्यात गळफास घेतला. सिग्नेनं एकटीनं त्याला खाली काढलं, माळ्याच्या शिडीखाली निजवलं, दोर चुलीत घातला आणि पाद्रीबुवांना सांगितलं, पाय घसरून पडला. खरं सांगितलं असतं तर त्या काळच्या पाद्रीबुवांनी नेल्सला चर्चच्या आवारात जागा दिली नसती, आणि दोन्ही मुलांना जन्मभर लोकांच्या नजरा झेलाव्या लागल्या असत्या. खरं काय ते तिनं एकाच माणसाला सांगितलं: मातीला आलेल्या धाकट्या भावाला.

भावानं त्याची कादंबरी केली.

हाल्वरची लिहिण्याची रीत अशी की पहिला खर्डा तो खऱ्या नावांनीच लिही. नाहीतर माणसं डोळ्यांपुढे उभीच राहत नाहीत, असं तो म्हणे. मग शेवटी लाल पेन्सिल घेऊन बसायचं आणि नावं बदलायची. नेल्सचा इव्हर झाला, सिग्नेची मार्ता झाली, मिनेसोटाचं डाकोटा झालं. दोनशे बाराव्या पानावर मात्र एक सिग्ने निसटली. प्रकाशकाकडच्या मुद्रितशोधकानं ती पकडली आणि समासात विचारलं, 'सिग्ने की मार्ता?'

हाल्वरनं वाक्य दोन्ही तऱ्हांनी वाचून पाहिलं. 'मार्तानं दोर कापला.' वाक्य मेलेलं. 'सिग्नेनं दोर कापला.' वाक्य जिवंत. त्यानं नावाखाली ठिपक्यांची रांग काढली आणि समासात 'स्टेट' लिहिलं. छापखान्याच्या भाषेत त्याचा अर्थ, आहे तसंच राहू द्या. अर्धं मिनिट लागलं असेल. हेगडालमध्ये कादंबऱ्या वाचतंय कोण, असं तो मनाशी म्हणाला. ही थाप त्यानं स्वतःलाच मारली.

साऱ्या गावानं ती वाचली. पुस्तक हातोहात खपलं, आणि त्याच पानाची वाहवा झाली. घाबरून त्यानं बहिणीला लिहिलं: 'छापणाऱ्यानं घोळ घातला. मी जीव तोडून नावं बदलली होती.' तिनं विश्वास ठेवला.

गावानं तिला तोंडावर काही म्हटलं नाही. हेगडालची माणसं तोंडावर बोलतच नाहीत. चर्चच्या तळघरात बायकांची महिन्याची कॉफी असते, तिथं एवढंच झालं की सिग्नेच्या केकला कुणी सुरी लावली नाही. तिनं पुढच्या महिन्यात पुन्हा केला, पुन्हा अख्खा घरी नेला. असं चार वर्षं. हे हाल्वरला एका चुलत बहिणीच्या पत्रातून कळलं, नेमकं मोठं पारितोषिक मिळालं त्या वर्षी. तो गावी यायच्याऐवजी इटलीला गेला. स्वतःची लाज वाटते म्हणजे काय, हे त्याला तिथं उत्तम हॉटेलात बसून कळलं.

आणि आता त्याचे कागद एका विद्यापीठानं नेले होते. तिथल्या मिस अ‍ॅडलर नावाच्या संशोधक बाईंना ते प्रूफ सापडलं. त्यांचं पत्र आलं: 'तुमचं ते स्टेट फार बोलकं आहे. नोव्हेंबरात तुमच्या बहिणीला भेटून तिचं मत विचारणार आहे.' पत्र आलं नसतं तर आपण आलो नसतो, हेही हाल्वरला पक्कं ठाऊक होतं. त्याला त्याचीही शरम वाटत होती.

"सिग्ने, ते दोनशे बारावं पान..."

"अजून तेच? सोड की रे आता. छापणाऱ्यानं शेण खाल्लं, त्याला तू काय करणार? मी त्या शेजारच्या हान्सिनाला तेव्हाच सुनावलं होतं, माझा भाऊ असला नाही म्हणून."

"त्यांनी मला विचारलं होतं," हाल्वर म्हणाला. "छापायच्या आधी. सिग्ने की मार्ता, असं. मीच लिहिलं, राहू द्या."

तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला. सिग्नेनं ती काढली नाही.

"का?"

या 'का'ची त्यानं बत्तीस वर्षांत बरीच देखणी उत्तरं रचली होती. त्यातलं एकही खरं नव्हतं.

"वाक्य बरं वाटत होतं."

"कुठलं? म्हणून दाखव."

त्यानं मान खाली घालून सिग्नेचं म्हणून दाखवलं. मग तिनं सांगितलं म्हणून मार्ताचंही.

"हं," सिग्ने म्हणाली. "पहिलंच बरं आहे. पण मी दोर कापला नव्हता, हाल्वर. कापला असता तर तो खाली आपटला असता. मी शिडीवर चढले, त्याला कवेत धरलं आणि एका हातानं गाठ सोडवली. तासभर लागला. तुला सांगितलं होतं मी."

सांगितलं होतं. त्याला आता आठवलं. लांबतंय म्हणून त्यानंच ते गाळलं होतं.

सिग्नेनं तवा खाली उतरवला आणि खुर्चीवर बसली.

"त्या छापणाऱ्याला माफ करायला अकरा वर्षं लागली मला. दर रविवारी गुडघे टेकायचे. नावसुद्धा ठाऊक नाही त्याचं. आपलं म्हणायचं, देवा, तो न्यूयॉर्कचा छापणारा. आणि एका रविवारी जमलं. अगदी मनापासून जमलं रे."

"सिग्ने, मी..."

"आता आधी त्याचीच माफी मागायला हवी. बिचारा, फुकट शिव्या खाल्ल्या त्यानं."

"आणि मी?" हाल्वरच्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्याबरोबर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिग्नेनं त्याच्याकडे बघितलं. रागानं नव्हे. चौऱ्याहत्तर वर्षांची दमलेली बाई बघते तशी.

"तो तर परका होता, तरी अकरा लागली," ती म्हणाली. "तू सख्खा आहेस. करते सुरुवात या रविवारपासून. पण माझ्या हयातीत ती माफी पुरी होईल असं काही मला वाटत नाही."