एका चाकाचा मासा

मी एक मासा बोलतोय. असातसा नव्हे हं! आमच्या तेशी गावच्या किनाऱ्यावर आजवर लाखो मासे उतरले असतील, पण माझ्याएवढा लांब, माझ्याएवढा लालभडक आणि माझ्याएवढा देखणा एकही नाही. साडेसहा फूट! शेपूट धरून सात.

आता खरं सांगायचं तर मी पाण्यात कधी उतरलेलो नाही. माझ्या पाठीला बिजागऱ्या आहेत, डोळे बाटलीच्या बुडाचे आहेत, आणि माझ्या पोटात एक माणूस आडवा मावतो. जिवंत नव्हे. थोडक्यात, मी शवपेटी आहे.

दचकलात ना? मीही दचकलो होतो. सोवा सुतार मला घडवत होता तेव्हा मला वाटायचं, आपण एखाद्या खानावळीच्या दारावर टांगले जाणार. मग एके दिवशी त्याने माझं पोट उघडलं, आत पांढरं रेशमी कापड ठोकलं आणि वर छोटीशी उशी ठेवली. उशी! मासा कधी उशीवर झोपतो का? माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तेव्हा जो हबकलो तो आजतागायत पुरता सावरलेलो नाही.

माझं शिक्षण थोडं झालंय. माझ्या डाव्या कुशीच्या फळ्या एका पाडलेल्या शाळेच्या बाकांच्या आहेत, तिसरी ते पाचवीच्या. पुढचे वर्ग दुसऱ्या पेटीत गेले, तिला मातीत जाऊन आठ वर्षं झाली. त्यामुळे मला सातचा पाढा येतो, पण साती सातीपर्यंतच. बाकावर पाढा कोरणाऱ्या पोराला बहुधा तिथेच मास्तरांनी पकडलं.

आमच्या तेशीत माणूस गेला की त्याला चौकोनी खोक्यात घालून पाठवत नाहीत. पलीकडे पोचल्यावर पूर्वज विचारणार, ‘कोण रे तू?’ तेव्हा पेटीनेच सांगायचं. नाखव्याला होडी, शिंप्याला शिवणयंत्र, बाजारात कांदे विकून सात पोरं वाढवणाऱ्या बाईला हा एवढा मोठा कांदा. सोवाचा एकच नियम: पेटी खोटं बोलणार नाही. जे केलं असेल त्याचीच पेटी. एकदा एका घरचे लोक गेलेल्या माणसासाठी विमान मागायला आले. सोवाने विचारलं, ‘विमानात बसला होता का?’ म्हणाले, ‘नाही, पण वर बघायचा.’ सोवाने त्यांना मान वर केलेला कोंबडा करून दिला.

मला करायला सांगितलं होतं लार्येने. लार्ये म्हणजे जाळ्यांच्या गोदामाचा मुकादम, कुटुंबाचा कर्ता, आणि जगातल्या प्रत्येकाची आगाऊ काळजी वाहणारा गृहस्थ. पेटी कुणासाठी? त्याच्या धाकट्या बहिणीसाठी, कोर्लेसाठी. कोर्ले एकसष्ट वर्षांची, चाळीस वर्षं किनाऱ्यावर मासे धुरावर सुकवून विकणारी. प्रकृती? धडधाकट! सकाळी चाळीस किलोची टोपली डोक्यावर घेऊन चालायची.

‘लाकूड चांगलं मिळतंय,’ लार्ये म्हणाला होता, ‘आणि तुझा हात अजून चालतोय. करून ठेव. वेळेला धावपळ नको.’

आता सोवाची चूक ऐका. अशी आगाऊ पेटी आतल्या खोलीत, कापडाखाली ठेवायची असते. पण माझा रंग वाळेना. म्हणून त्याने मला उन्हात, थेट रस्त्याच्या कडेला मांडलं. आणि माझ्या कल्ल्यावर पांढऱ्या रंगात काय लिहिलं होतं? ‘कोर्ले, आता विसावा घे.’

समोर फोफोचं केंकेचं, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या उकडलेल्या गोळ्यांचं दुकान. फोफोला वाचता येतं, हीच पंचाईत. तिने कल्ल्यावरचं नाव वाचलं, हातातला केंके तसाच पातेल्यात टाकला आणि सुतकाचा काळा-लाल कपडा कमरेला गुंडाळून रडत रस्त्यावर आली. तिचं रडणं ऐकून आणखी चौघी आल्या. तेवढ्यात वळणावरून टोपली डोक्यावर घेऊन कोर्ले आली.

‘काय गं फोफो, कोण गेलं?’

‘कोर्ले गेली गं! आपली कोर्ले!’ फोफो डोळे मिटून छाती बडवत होती.

‘अरेरे. कोणती कोर्ले?’

‘मासेवाली! कालच माझ्याकडून मिरचीची चटणी उधार घेऊन गेली!’

‘ती दिली परत मी सकाळी,’ कोर्ले म्हणाली.

फोफोने डोळे उघडले. पुढे जे झालं ते सांगायला माझी पाचवी अपुरी पडते. एक बाई गटारात पडली, एक सोवाच्या दुकानातल्या कांद्याच्या पेटीमागे लपली, आणि फोफो उभ्या उभ्या कोर्लेचे गाल चाचपत राहिली. मी आनंदाने बिजागरी कुरकुरवली. ही माझी जुनी खोड आहे. कुणी फार गंभीर झालं की मला राहवत नाही.

पण कोर्ले हसली नाही. फोफोने कल्ल्यावरचं नाव वाचून दाखवलं, तशी तिने टोपली खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. तोंडापासून शेपटापर्यंत. लोक मेलेल्याकडे बघतात तसं ती माझ्याकडे बघत होती, आणि मी तर तीच होतो.

लार्येला बोलावणं गेलं. तो घाम पुसत आला.

‘दादा, माझी एवढी घाई झालीय का तुला?’

‘घाई नाही गं, सोय! उद्या काही झालं तर लोक काय म्हणतील, बहिणीसाठी साधा मासासुद्धा केला नाही.’

‘आणि मासाच का?’

‘मग काय हत्ती करू? मासेवाली ना तू?’

कोर्लेने टोपली पायाने बाजूला सारली. मग म्हणाली, ‘मला मासे आवडत नाहीत.’

सोवाच्या तोंडातून खिळे गळले. मी तर अवाक! चाळीस वर्षं मासे, केसांत मासे, कपड्यात मासे, आणि आवडत नाहीत?

‘कधीपासून?’ लार्येने विचारलं.

‘पहिल्या दिवसापासून.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘विचारलं कुणी?’

‘बरं, आता विचारतो. काय आवडतं तुला?’

कोर्लेने तोंड उघडलं आणि मिटलं. तिचा चेहरा असा झाला, जसं एखाद्याने घरात कायम असलेल्या डब्यात हात घालावा आणि तळ लागू नये. माझ्यावरचं नाव ऐकून ती जेवढी हादरली नव्हती, तेवढी तेव्हा हादरली.

दुसऱ्या दिवसापासून बाजार उठला की ती दुपारी येऊन माझ्यासमोर टोपली पालथी घालून बसायची. माझ्या बाटलीच्या डोळ्यात बघायची. लोक म्हणत, बाईला भ्रम झाला. मीही सुरुवातीला एकदोनदा बिजागरी वाजवून पाहिली, पण ती दचकेना, मग माझाच उत्साह गेला. ती स्वतःच्या आत कुठेतरी खाली उतरत होती, आणि तिथे माझ्या खोड्या पोचत नव्हत्या.

नवव्या दिवशी ती एकदम म्हणाली, ‘लॉरी.’

सोवाने रंधा थांबवला.

‘एकोणीस वर्षांची होते,’ कोर्ले सांगू लागली. ‘माशांच्या लॉरीतून कुमासीला जायचे. न्सावामच्या सरळ रस्त्यावर ड्रायव्हरच्या हाताला पेटका आला. त्याने मला स्टिअरिंग धरायला दिलं. बारा मिनिटं. सोवा, त्या बारा मिनिटांत मला कुणी हाक मारली नाही. पुढे रस्ता होता आणि तो मी म्हणेन तिकडे येत होता. घरी येऊन सांगितलं तर आईने मला आठ दिवस चुलीपाशी बसवलं. मग मी ते विसरले. बघ ना, विसरलेच! मला लॉरी कर.’

‘चालवली आहेस का?’

‘सांगितलं ना. बारा मिनिटं.’

‘बारा मिनिटांची लॉरी होत नाही, बाई. फार तर एक चाक येईल.’

आणि त्या माणसाने खरोखर एक लाकडी चाक घेऊन माझ्या पोटाखाली ठोकलं! माझी संमती? छे! एका क्षणात मी तेशीतला सर्वांत देखणा मासा होतो, दुसऱ्या क्षणी अपघातातून वाचलेली हातगाडी.

‘उरलेली चाकं कमवून आण,’ सोवा म्हणाला.

कोर्लेने गाडी शिकवणाऱ्या शाळेत नाव घातलं. मास्तर चोवीस वर्षांचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, ‘आजी, भीती वाटते का?’

‘घाबरायचं ते तू घाबर. क्लच कुठला ते दाखव.’

तो घाबरलाच. तिसऱ्या दिवशी गाडी मागे घेताना कोर्लेने ब्रेक समजून भलतंच काही दाबलं, आणि गाडी आली ती सरळ सोवाच्या दुकानात. कांदा वाचला. मी नाही. आजवर माशाखाली गाडी आल्याचं कुणी ऐकलं नाही, पण गाडीखाली मासा आलेला तेशीने पाहिला. माझी शेपूट मोडली. मी साडेसहा फुटांवर आलो.

लार्ये धावत आला. ‘शाब्बास! पेटीची सोय मी केली होती, आता माणसांची तू करतेयस.’

‘तू मध्ये उभा राहू नकोस म्हणजे झालं, दादा.’

हळूहळू हात बसला. पण पहिल्या परीक्षेत ती नापास झाली, ती गाडीमुळे नव्हे, रस्त्याच्या खुणांमुळे. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. कागदावरच्या त्या गोल आणि तिकोनी खुणा बघून तिला घाम फुटायचा. तेव्हा सोवाने काय करावं? ब्रश घेतला आणि माझ्या एकेका खवल्यावर एकेक खूण रंगवली. पोटावर ‘थांबा’. कल्ल्याखाली ‘पुढे वळण’. मणक्यापाशी ‘ओव्हरटेक करू नये’. कोर्ले दुपारी येऊन माझ्यावर बोट ठेवत पाठ करायची. माझं शिक्षण पाचवीनंतर थांबलं होतं, ते असं पुढे सरकलं.

दुसऱ्या परीक्षेला तीन दिवस होते. लार्ये आला, आणि या वेळी तो थट्टा करत नव्हता. मागे घरातली चार वडीलधारी माणसं.

‘कोर्ले, लोक माझ्या तोंडावर हसतात. पुन्हा परीक्षेला बसलीस तर ऐकून ठेव. तू गेल्यावर घरचं एकही माणूस तुझ्या पेटीला खांदा देणार नाही. ढोल नाही, लाल कपडा नाही, काही नाही.’

असं बोलणं म्हणजे काय, हे तेशीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माणूस गरिबीत जगला तर चालतं, पण एकटा पुरला गेला तर पलीकडेही त्याला कुणी ओळखत नाही. मी अनेकांना निरोप देताना पाहिलंय, पण माझ्यासुद्धा बिजागऱ्या आवळल्या. मला वाटलं, संपलं. आता ती टोपली उचलेल.

ती माझ्यासमोर बसली. ‘थांबा’वर बोट ठेवलं. बराच वेळ ते बोट तिथेच होतं.

मग ती उठली. ‘दादा, माझ्या शेवटच्या कार्याला मी तर असणारच ना?’

‘म्हणजे काय, असणारच.’

‘मग एक माणूस आहे. भागेल तेवढ्यावर.’

वडीलधारे एकमेकांकडे बघू लागले. आणि कोर्ले परीक्षेला गेली.

पास झाली. मासेवाल्या बायकांच्या मंडळाची एक लॉरी होती, तिचा ड्रायव्हर तीन महिन्यांमागे दुसऱ्या शहरात गेला होता आणि माल किनाऱ्यावर कुजत होता. बायकांनी बैठक घेतली, भांडल्या, आणि चावी कोर्लेच्या हातात दिली. एका सकाळी रस्त्यावरून हॉर्न ऐकू आला. पाहतो तर लॉरी! वर कोर्ले, डोक्याला पिवळा रुमाल, दोन्ही हात स्टिअरिंगवर. तेशी रस्त्याच्या कडेला आ वासून उभी. पण माझा बाटलीचा डोळा निखळायचा राहिला तो शेजारच्या जागेवर बसलेल्या माणसाला बघून. लार्ये! डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी दार पकडलेलं.

‘मी फक्त लक्ष ठेवायला आलोय,’ तो डोळे न उघडता ओरडला.

‘मग डोळे उघड,’ कोर्ले म्हणाली आणि गिअर टाकला.

आता माझी अवस्था काय सांगू? मी दुकानाच्या कोपऱ्यात पडून आहे. एक चाक, मोडकी शेपूट, अंगभर रस्त्याच्या खुणा. मला कुणी घेत नाही; असं आयुष्य जगलेला माणूसच अजून सापडलेला नाही. गिऱ्हाईक येतं, मला बघतं, आणि विचारतं, ‘हे काय होतं?’ मला हसू येतं.

तुम्ही मात्र हसण्याआधी माझं एवढं ऐका. एखाद्या दुपारी काम आटपलं की टोपली पालथी घाला आणि स्वतःसमोर बसा. तुमच्या कल्ल्यावर लोकांनी काय लिहून ठेवलंय ते वाचा, आणि ते तुम्हाला आवडतं का, ते विचारा. उत्तर सापडायला नऊ दिवस लागतील, कदाचित जास्त. सापडल्यावर धक्का बसेल. बसू द्या. मी लाकडाचा आहे, मला हलता येत नाही. तुमचं तसं नाही.

परवा कोर्ले कुमासीहून परतताना दुकानासमोर लॉरी थांबवून उतरली. सोवा खूश होता. हातात मोजपट्टी घेऊनच बाहेर आला.

‘ये बाई, उभी राहा. आता तुझी लॉरी कमावलीस तू. चारही चाकं, दिवे, हॉर्नसुद्धा करतो. माप घेऊ दे.’

‘आत्ता नाही. उद्या तामालेला माल न्यायचाय.’

‘पाच मिनिटांचं काम आहे गं. चाळीस वर्षं हेच करतोय मी, माप चुकत नाही माझं.’

कोर्लेने लॉरीच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि त्याच्याकडे वळून बघितलं.

‘चाळीस वर्षं पेट्याच करतोयस होय? मग तू गेलास की आम्ही काय बनवायचं रे सोवा, पेटीच्या आकाराची पेटी?’